दुसरा डोळा

फार्माकॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला आमच्या लॅबमधले निजामुद्दीनमामा मांडीवर ससा धरायचे आणि मी त्याच्या एका डोळ्यात औषधाचा थेंब टाकायचे. मग टॉर्च मारला तरी त्या डोळ्याची बाहुली आकसायची नाही. मुलं लगेच वहीत लिहायला लागायची. मामा दरवर्षी त्यांना अडवायचे, "आधी दुसरा डोळा बी बघा. त्याबिगर खरं कळत नाय."

काल क्रांती चौकात मामांच्या सायकलला ट्रकनं उडवलं. कॅज्युअल्टीत मीच त्यांची पापणी वर करून टॉर्च मारला. बाहुली तशीच राहिली. दुसरी पापणी उचलायचा मला धीर होईना. मी टॉर्च खिशात ठेवला.

शेजारी उभ्या ताहेरामामींनी माझा हात धरला.

"मॅडम, दुसरा डोळा बी बघा की."