सलोनीचं बायोटेक

"काल एका मुलीची आई भेटली. म्हणे, बायोटेक केलं की थेट अमेरिका. मी म्हटलं, मधे कुठे उतरता येतं का?" कायनेटिक स्टँडला लावत हेमा म्हणाली.

सलोनी हसली. "वहिनी, आत गेल्यावर अशीच बोल. सर खवचट आहेत म्हणतात. घाबरू नकोस."

"मी कशाला घाबरू? वर्ष तुझं जायचंय."

हेमाची ही एकुलती एक नणंद. बारावीला जीवशास्त्रात भरघोस गुण, तरी मेडिकल थोडक्यात हुकलेलं. प्रवेशाची मुदत उद्या संपत होती आणि घरात अजून एकमत नव्हतं. श्रीधर, हेमाचा नवरा, सॉफ्टवेअरमधला. त्याचं म्हणणं, आयटीनंतर आता बीटी, म्हणजे बायोटेकच, डोळे मिटून घे. सासूबाई एवढंच म्हणत, "हेमाला विचारा. तिला त्यातलं कळतं."

कळत होतंच. हेमा सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. होती. लग्नाआधी लसींच्या कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. सौमित्र झाला आणि ते सुटलं. पुन्हा नोकरीचा विषय निघाला की तिचं उत्तर ठरलेलं असे: तो शाळेत जाईपर्यंत नाव काढू नका.

म्हणून हेमाची सगळी काळजी आता सलोनीच्या वाट्याला आली होती. चार कॉलेजांत चौकशी झाली होती. या कॉलेजातला बायोटेक विभाग नवाकोरा, तिथे शिकवतं कोण हेच कोणी धड सांगेना. तेव्हा विभागप्रमुखांनाच गाठायचं ठरलं. सासूबाईंनी सौमित्रला कडेवर घेतलं आणि हेमाला नवी इरकल नेसायला लावली. "कॉलेजात जायचंय, भाजी आणायला नाही. आणि सावकाश या."

तरीही फाटकाजवळच्या पिवळ्या बूथवरून हेमाने घरी फोन केलाच. सौमित्रने वरणभात खाल्ला होता.

जिन्यावरच तिला तो वास आला. जंतू वाढवायला शिजवलेल्या आगरचा, उकडीसारखा, किंचित मांसाच्या रश्श्यासारखा. ती क्षणभर थांबली.

"काय गं?" सलोनीने विचारलं.

"काही नाही. ऑटोक्लेव्ह, तो निर्जंतुक करायचा कुकर, तरी चालू आहे म्हणायचं."

विभागप्रमुख डॉ. रिसबूड खिडकीशी बसले होते. त्यांनी सलोनीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बसा. काय शिकलात?"

हेमाच्या कपाळावर आठी आली. पण मुलीचं काम होतं. तिने सांगितलं.

"मग इथे कशाला आलात?"

"माहिती घ्यायला. साधं बी.एस्सी. केलं तर पहिल्या वर्षी चार विषय हाताशी असतात, वनस्पती, प्राणी, काय आवडतं ते कळतं. तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून बायोटेक. मधेच मन बदललं तर?"

"तुम्हीच सांगा. काय घ्यावं?"

अस्सल पुणेरी, हेमा मनात म्हणाली. प्रश्न विचारायला यावं आणि उत्तरंही आपणच द्यावीत.

"ज्या विषयाची प्रयोगशाळा कुलपात नसते, तो घ्यावा," ती म्हणाली. "नाव काही का असेना."

सर किंचित खोकले. "पाणी दूषित आहे की नाही, हे नुकत्याच बारावी झालेल्या मुलीला कसं सांगाल?"

आता ही परीक्षा कशासाठी? पण समोर नुकतीच बारावी झालेली मुलगी बसलेली होतीच. हेमा तिच्याकडे वळली.

"हे बघ. एका नळीत दुधातली साखर घातलेलं पातळ खाद्य घ्यायचं. त्यात एक इवलीशी नळी उलटी बुडवायची, काठोकाठ भरलेली. मग त्यात ते पाणी घालायचं आणि उबेत ठेवायचं. पोटातले जंतू असले तर रात्रभर साखर खातात आणि वायू सोडतात. सकाळी त्या उलट्या नळीत बुडबुडा अडकलेला दिसतो. एवढुसा! तो दिसला की असा आनंद होतो..." ती चपापली. "म्हणजे, पाणी वाईट असतं. पण आनंद होतो."

सलोनीने ओठ दाबून धरले होते.

"लहान मूल आहे?" सरांनी विचारलं.

"आहे." याचा इथे काय संबंध, हे तिने गिळलं.

"सांभाळतं कोण?"

"आई सांभाळते, सर," सलोनी घाईने म्हणाली. "दिवसभर."

"राहायला?"

"शनिवार पेठेत."

"मग सकाळी साडेसातला जमेल."

"त्याची काळजी नको. ही उठत नाही, पण मी उठवीन."

"तुम्ही उठता ना?"

"मला माझा मुलगा पाचला उठवतो."

सर पहिल्यांदा हसले. हेमाला धीर आला. तिने उरलेलं सगळं विचारून घेतलं. एका सूक्ष्मदर्शकावर किती मुलं? प्रयोग मुलं स्वतः करणार की सर करणार आणि मुलं बघणार? सर ऐकत राहिले, एकदा तर "बरोबर आहे" असंही म्हणाले. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की किती दिवसांत ती एवढं सलग, एवढं मोठ्याने बोलली नव्हती.

"झालं माझं," सरांनी चष्मा काढला. "माझी पसंती आहे. आता तुमचं कळवा."

हेमाने सलोनीचा हात दाबला. "मला पसंत आहे, सर. पण शेवटी शिकायचंय हिला. आज रात्री घरी बसून ठरवतो आणि उद्या सकाळी येऊन हिचा प्रवेश घेतो."

"हिचा?" सरांनी सलोनीकडे आता कुठे पाहिलं. "हिने तो मागच्याच आठवड्यात घेतला, आणि शिकवायला तुमचं नाव सुचवून गेली. सोमवारी हिचा पहिला तास आहे, सूक्ष्मजीवशास्त्राचा. तो घ्यायला तुम्ही येताय की नाही, मॅडम, तेवढं सांगा."