दोना खाली ठेवत नाहीत

"दोना कायले पाह्यजे आत्या? मी गिलास आणले ना दोन!" जंगूनं आरमोरीच्या बाजारातले चकचकीत स्टीलचे गिलास सुकरी आत्यापुढं ठेवले.

आत्या दोन्यासाठी, म्हणजे द्रोणासाठी, पळसाची पानं बांबूच्या बारीक काडीनं टाचत बसली होती. तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. "गिलास खाली ठेवता येते बापा. दोना नाई ठेवता येत. म्हणून दोना."

जंगूच्या पोरीच्या, प्रियाच्या लग्नाचा मांडव घालायचा होता. रीत अशी की, पहिला खांब रोवण्याआधी घरच्या भावांनी मोहाची दारू एकाच दोन्यातून घ्यायची. तोवर खांबाला कुणी हात लावत नाही. आणि जंगू नि त्याचा धाकटा भाऊ लच्छू तर तीन वर्षं बोलत नव्हते. भांडण बांधावरच्या मोहाच्या झाडाचं. झाड बिचारं दोघांच्याही वावरात फुलं टाकायचं. पण गावात काड्या लावणाऱ्यांना काय तोटा! आज पुतणीसाठी लच्छू आला होता खरा, पण अंगणात पाठ करून उभा होता. जंगूला पोरीचं लग्न हवं होतं, लच्छूचं उष्टं नको होतं.

आत्यानं भरलेला दोना दोघांच्या मध्ये धरला. जंगूनं एका बाजूनं दोन बोटं लावली, लच्छूनं दुसऱ्या बाजूनं. तोंडं दोन दिशांना.

आणि दोना गळायला लागला. आधी थेंब, मग धार. ही सांडली की लग्न अडलंच.

"अरे धर, धर!" जंगू ओरडला.

लच्छूनं झटकन खाली ओंजळ लावली. "भाऊ, तू पे आंधी!"

जंगू त्या ओंजळीतच तोंड घालून प्याला. मग त्यानं आपली ओंजळ लावली आणि लच्छू प्याला. दोना रिकामा झाला तेव्हा दोघं कोपरापर्यंत भिजले होते आणि वेड्यासारखे हसत होते.

तीन वर्षांनी 'भाऊ' ऐकलेल्या जंगूनं बाहीनं तोंड पुसलं. मग तो आत्यावर घसरला. "म्हातारी झाली तू आत्या. साऱ्या गावाचे दोने टाचते, अन् आमच्याच दोन्याले काडी लावाले भुलली?"

आत्यानं अंबाड्यात खोचलेली ओली काडी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"भुलली नाई बापा. तीन वरसं साऱ्या गावानं तुमच्यात काड्या लावल्या. मी एक काढली."