तयार कातडी

मँगनीज भाजायच्या भट्टीची तेलाची नळी गळते, हे सोमाजी उईकेने पुन्हा सांगितलं, तेव्हा मॅनेजर देवतळे त्याला कारखान्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी फ्रिजमधून ट्रे काढला. त्यात प्रयोगशाळेत वाढवलेली, दोन हातांची आणि चेहऱ्याची कातडी होती. गालावर सोमाजीचाच तीळ.

“साहेब, मी भाजलो कुठं जी?”

“म्हणून तर आधीच तयार ठेवली,” देवतळे मायेनं म्हणाले. “नळी बदलायची तर भट्टी विझवावी लागते. कातडी बदलली की तू दुसऱ्या दिवशी कामावर.”

सोमाजी आपल्याच चेहऱ्याकडे बघत राहिला. डोळ्यांच्या जागी दोन भोकं होती.

“अन् डोळे?”

“ते अजून वाढवता येत नाहीत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “भडका उडाला की तेवढे घट्ट मिटून घेत जा.”