रोजचं वजन

रासकरसाहेबांच्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या पुढच्या डाव्या चाकाच्या सांध्यातले रबरी बुश मी वर्षात तिसऱ्यांदा बदलत होतो. उजवीकडचे अजून नव्यासारखे होते.

"डावीकडे कोणाला बसवता, हत्तीला?" मी विचारलं.

"एकटाच असतो हो, सिराजभाई. त्या सीटवर साधी पिशवीसुद्धा नसते."

बुशचे बोल्ट शेवटी आवळताना गाडीवर रोजचं वजन लागतं, नाहीतर रबर पिळून फाटतं. म्हणून मी गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो आणि वर हाक दिली, "बसा साहेब."

डोक्यावर गाडी दबली, पण डावीकडे. डावी स्प्रिंग चांगली दोन बोटं आत गेली.

मी वैतागलो. "तिकडे कुठे? गाडी तुम्ही चालवता ना? मग स्टेअरिंगवर बसा."

"आलो, आलो," रासकरसाहेबांचा आवाज लांबून आला, गॅरेजच्या फाटकाजवळच्या नळावरून. "हात तेवढे धुतो."

पाना माझ्या हातातच राहिला.

डोक्यावर डावी बाजू सावकाश वर उचलली गेली, आणि उजवी खाली बसली.