कोरडा प्लग

“घाई करू नकोस. मधलं भोक आधी, बाजूची दोन मग,” ढुंढिराज खाटेवरून म्हणाले.

“पाठ आहे, बाबा. तिसरीत होतो तेव्हापासून कापतोय,” केयूर मान वर न करता म्हणाला.

दालानात वर्तमानपत्र पसरून तो पॅकिंग कापत होता. पॅकिंग म्हणजे जाड कागदाची चकती. ती कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये बसते आणि चोरून हवा आत जाऊ देत नाही. मधल्या भोकातून इंजिन श्वास घेतं, बाजूच्या दोनांतून बोल्ट जातात. हे सगळं ढुंढिराजांनीच मुलाला शिकवलेलं. आता त्यांचे हात थरथरत आणि गुडघा किक मारू देत नसे, म्हणून ती जुनी शिकवणी वसूल करायची वेळ आली होती.

वरच्या मजल्यावरच्या कालिंदीबाई चहा घेऊन आल्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या. तपासायला वह्या उरल्या नाहीत म्हणून माणसं तपासत.

“ही गाडी होळीला चालू झाली नाही, दिवाळीला नाही. आता काय होणार?” त्या म्हणाल्या. “भाऊजींची अट मोठी सोयीची आहे.”

अट अशी. बंद पडलेली मोटारसायकल ढुंढिराज कुणाच्या गळ्यात मारणार नव्हते. ती चालू करून मित्राच्या मुलाच्या, सुमंतच्या, हाती द्यायची आणि मग घराला कुलूप लावून केयूरकडे पुण्याला कायमचं जायचं. पत्नी पद्माताई गेल्यावर महिन्याभरात त्यांनीच ही अट घातली होती. काशी सोडायची नसते तोच असली अट घालतो, असा कालिंदीबाईंचा शेरा होता. गल्लीने त्याखाली सह्याही केल्या होत्या.

“मरायला लोक कुठून कुठून काशीला येतात. हे कशाला हलतील?”

“मरायला काशी बरी,” ढुंढिराज म्हणाले. “रोज जेवायला बसायचं तर माणसं लागतात.”

“बोलायला काय जातंय! आणि पद्माताईंचा फोटो कुठे गेला भिंतीवरचा?”

“काच बदलायला दिलाय.”

वर्तमानपत्रावर दोन इवल्या गोल टिकल्या पडल्या होत्या. कालिंदीबाईंनी एक बोटाच्या टोकावर उचलली. “वा! कपाळाला लावावी अशी. हात साफ आहे हो पोराचा.”

केयूरने पॅकिंगला दोन्ही बाजूंनी सीलंट फासलं, पाठमोरा बसून कार्बोरेटर चढवला आणि नट आवळायला घेतले.

“थोडा हा, थोडा तो. एकच दामटलास तर तोंड वाकडं होतं,” खाटेवरून सूचना आली.

मग किका सुरू झाल्या. केयूरचा शर्ट पाठीला चिकटला. गाडी साधी शिंकलीसुद्धा नाही.

“प्लग काढून दे,” ढुंढिराज म्हणाले.

त्यांनी प्लग अंगठ्यावर घासला. तो ठणठणीत कोरडा होता. इतक्या किकांनंतर पेट्रोलने भिजायला हवा होता.

“कार्बोरेटरात पेट्रोल उतरतंय ना?”

“उतरतंय की. कुठून तरी हवा ओढत असेल.”

“हूं,” ढुंढिराज म्हणाले आणि प्लग त्याला परत दिला.

संध्याकाळी गच्चीवरचे कपडे काढताना कालिंदीबाईंच्या कानावर फोनवरचं बोलणं पडलं. केयूर बायकोशी बोलत होता. “नाही, मालविका, नाही झाली चालू... अगं, सांगतो ना, नाही झाली.” आवाज पार थकलेला होता. कालिंदीबाईंना पोराची कीव आली.

सकाळी बालाजी घाटावर आंघोळीला निघाल्या, तर दालानात ढुंढिराज गाडीपाशी उकिडवे. एका हातात पाना होता, नट आवळणं चाललं होतं. चाहूल लागताच त्यांनी पाना गमछ्याखाली सरकवला.

“काय चाललंय, भाऊजी?”

“धूळ पुसतोय.”

शेऱ्याला पुरावा मिळाला. गंगेत तीन बुडक्या मारेपर्यंत त्यांनी तो कसाबसा पोटात ठेवला.

न्याहारीनंतर केयूरने आणखी काही किका मारल्या, रिवाज म्हणून. मग हात धुतले. गल्लीच्या तोंडाशी ई-रिक्षा थांबली होती.

“पुढच्या वेळी नक्की, बाबा.”

“हो रे. तुझ्याकडून काही कसर नाही.”

केयूर क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग वाकून नमस्कार केला आणि बॅग उचलून निघाला.

तो वळणाआड गेला तशा कालिंदीबाई कडाडल्या. “जायचं नाही तर तोंडाने सांगावं माणसाने! पोरगं रजा घालून येतं, मर मर मरतं, आणि तुम्ही चोरून खोलून ठेवता? डोळ्यांनी पाहिलंय मी.”

“खोललं होतं,” ढुंढिराज म्हणाले. “बघितलं, आणि होतं तसंच परत बसवलं.”

त्यांनी खाटेखालची सुटकेस ओढली. वर स्वेटर, माकडटोपी, औषधांचा डबा. सगळं घडी घालून, पुण्याच्या थंडीच्या बेताने. स्वेटरच्या घडीत पद्माताईंचा फोटो होता. काच जुनीच. तो त्यांनी परत खिळ्याला लावला. तो तिरपाच राहिला.

कालिंदीबाईंचा आवाज उतरला. “बघितलंत म्हणजे काय बघितलंत?”

ढुंढिराजांनी पाना पुढे केला. “तुम्हीच खोला. मला आता वाकवत नाही.”

नट सैल झाले, कार्बोरेटर हातात आला. कालिंदीबाईंनी पॅकिंग अलगद सोडवलं, पदराने सीलंट पुसलं आणि चौकातल्या उजेडात धरलं. बाजूची दोन भोकं रेखीव, गोल होती. मधलं पाडलेलंच नव्हतं.