अरुंद कडी

आर्व्हिडने जुन्या बंदुकीला घरीच नवा दस्ता बसवला होता. आता चापाभोवतीची कडी तेवढी बसवायची राहिली होती. त्याने मागवलेल्या दोन कड्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, एक रुंद आणि एक अरुंद.

“अरुंदच बसव,” त्याची बायको लॉर्ना म्हणाली.

“अगं, विस्कॉन्सिनच्या थंडीत हातमोज्यासकट बोट जाईल का त्यात?”

“नाही गेलं तर राहिलं.”

आर्व्हिडच्या मनात पाल चुकचुकली. जन्मात बंदुकीला हात न लावलेली ही बाई आज कड्या पारखायला बसली होती!

“हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आलाय आणि मला घरी बसवायचा डाव दिसतोय तुझा. कुणी शिकवलं? तुझ्या बहिणीनं?”

रानात त्याला गरम कॉफी द्यायला जाताना लॉर्ना घालायची तो केशरी कोट खुंटीवर होता. आर्व्हिडची नजर त्याच्या बाहीवर गेली.

“आणि हे ठिगळ गं कसलं?”



लॉर्नाने रुंद कडी उचलून खिशात टाकली. “गेल्या हंगामात तुला मी हरीण वाटले होते, त्याचं. दर वेळी नव्यानं विचारतोस.”