सोफ्यावरची कुबडी

बास्केटबॉल खेळताना सुनेच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, त्याच्या ऑपरेशनलाही आता बरेच महिने होऊन गेले होते. "गुडघा बरा झालाय, भीती तेवढी उरलीय. कुबडी सोडा आता," असं फिजिओथेरपिस्ट दर खेपेला सांगायची. पण हिचा जीव काही धजावत नव्हता.

त्या सकाळी स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला.

"आई, दूध उतू जातंय," तिने सोफ्यावरूनच हाक मारली. सासूबाईंनी ओ दिली नाही, तशी ती उठून धावतच आत गेली आणि तिने गॅस बंद केला. थेंबभर दूध सांडलं तरी घर डोक्यावर घेणाऱ्या सासूबाई ओट्याला टेकून शांत उभ्या होत्या.

"तुम्ही इथेच होतात? मग गॅस का नाही बंद केलात?"

तिच्या हातात फडकं देत त्या म्हणाल्या, "मी केला असता, तर तुझी कुबडी सोफ्यावर राहिली असती का?"